नीट नाही

आमच्या ऑफिसात नव्यानं लागलेल्या एका मुलीनं परवा मला विचारलं, "मॅडम, तुम्ही सुरुवात कुठल्या लँग्वेजमध्ये केलीत?"

मी म्हटलं, "नीट."

"नीट? ती तर डॉक्टरकीची परीक्षा ना?"

मी विषय बदलला. नीट म्हणजे काय हे सांगायचं तर राव सारांबद्दल सांगावं लागतं, आणि राव सारांबद्दल बोलायला लागलं की इतक्या वर्षांनंतरही माझं डोकं तापतं.

तुळजाराम राव त्यांचं नाव. ऑफिसातले सगळे तमिळ लोक त्यांना 'राव सार' म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. उंच, वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर अंगाऱ्याची काळी उभी रेघ आणि नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा. तो चष्मा त्यांनी कधीही वर ढकलला नाही. मान मागं टाकून त्या काचांतून ते तुमच्याकडं बघायचे, आणि तुम्ही काहीही बोललात तरी चेहरा असा करायचे, जणू कोणी त्यांच्या ताकात माशी टाकली आहे.

नवऱ्याची रेल्वेच्या कारखान्यात बदली झाली आणि मी सोलापूरहून चेन्नईला आले, तेव्हा दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं. अड्यारला एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. कारखान्यांच्या भांडारातला माल, हजेरी, पगार असली कामं ती करायची. मुलाखत राव सारांनीच घेतली.

"कुठल्या भाषा येतात?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी अभिमानानं सांगितलं, सी, सी प्लस प्लस, व्हिज्युअल बेसिक, जावा.

त्यांनी माझ्या अर्जावर सोलापूर वाचलं आणि एकदम मराठीत म्हणाले, "अस्के विसर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय विसरू?"

"अस्के म्हंजे अस्के. सगळ्या. इथं त्यातलं एक लागत नाही."

ती तंजावरची मराठी. तीनेकशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज राजाबरोबर दक्षिणेत गेले आणि तिथंच राहिले. शब्द आपले, त्यातले काही आपण कधीच टाकून दिलेले, आणि चाल मात्र पुरती तमिळ. परक्या गावात कोणी मराठी बोललं म्हणून मला भरून आलं होतं. ते भरून येणं पहिल्या आठवड्यातच ओसरलं.

कारण मला कळलं की त्या कंपनीतलं सगळं काम राव सारांनी स्वतः बनवलेल्या भाषेत चालतं.

यंत्राला काम सांगायला एक मधली भाषा लागते, आणि आपण लिहिलेलं यंत्राला समजावून देणारा एक दुभाषा लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. जगात अशा शेकडो भाषा होत्या. त्या बनवायला मोठमोठ्या प्रयोगशाळा, विद्यापीठं आणि कंपन्या खपल्या होत्या. पण राव सारांना त्यातली एकही पसंत नव्हती. तरुणपणी त्यांनी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून कोबोल लिहिलं होतं. कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी निकाल घ्यायला जायचं. एक पूर्णविराम राहिला की दिवस फुकट. त्या कोबोलला ते 'कारकुनाचं इंग्रजी' म्हणायचे. पुढं पास्कल आली, ती 'मास्तरीण'. सी आली, 'तलवार चोखट, पण म्यान नाही'. व्हिज्युअल बेसिक म्हणजे 'चित्रं काढायची वही'. आणि जावाचं नाव निघालं की ते पोटावर हात ठेवून म्हणायचे, "शब्दांचं अजीर्ण." चोखट म्हणजे त्यांच्या बोलीत उत्तम. हा शब्द मी त्यांच्या तोंडून जावाबद्दल कधीच ऐकला नाही, आणि माझ्या कामाबद्दलही फारसा नाही.

तर म्हणून त्यांनी ऐंशीच्या दशकात आपली भाषा केली आणि तिला नाव दिलं 'नीट'. तिच्यातले सगळे मुख्य शब्द त्यांच्या घरातले होते, रोमन अक्षरांत लिहिलेले. काम संपलं की 'पुरो'. सगळ्या नोंदी घ्यायच्या तर 'अस्के'. काही न करता नुसतं थांबायचं तर 'उगे'. मदुराई, तिरुनेलवेलीहून आलेली तमिळ पोरं-पोरी दिवसभर एकमेकांना विचारत असायची, "इंगे पुरो पोट्टिया?" म्हणजे इथं पुरो टाकलंस का? आपण तीन शतकं जुनी मराठी बोलतोय याचा त्यांना पत्ता नव्हता. भाषेचं नाव त्यांना इंग्रजी 'नीट' वाटायचं, आणि स्पेलिंग चुकलंय म्हणून ती आपसात हसायची.

मी एकदा विचारलं, "सार, मराठी शब्द का घातलेत?"

"होते तेच घातलो. दुसरे आणू कुठून?"

मला काहीतरी मोठं, आईबिईच्या आठवणीचं उत्तर हवं होतं. ते त्यांनी दिलं नाही. त्यांना कोणालाही हवं ते द्यायची सवयच नव्हती.

सगळ्यात मोठा जाच म्हणजे चुका. तुमच्या प्रोग्रॅममध्ये चूक असली की बाकी कुठलाही कंपायलर सांगतो: अमुक ओळीत, तमुक शब्दाजवळ घोटाळा आहे. राव सारांचा कंपायलर एकच वाक्य म्हणायचा. NEET NAHI. बस. कुठल्या ओळीत, काय, का, काही नाही. पंचवीस पानांचा प्रोग्रॅम असो की चार ओळींचा, नीट नाही म्हणजे नीट नाही.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी सकाळपासून दुपारपर्यंत पडद्याकडं बघत बसले. मग त्यांच्या टेबलाशी गेले.

"सार, ओळीचा नंबर तरी द्यायला सांगा ना त्याला."

"कसाला?"

"म्हणजे चूक सापडेल."

"नंबर सांगट्लो तर तू तेवढी एक ओळ वाचशील. नाही सांगट्लो तर अस्कं वाचशील. कुठलं चोखट?"

"सार, बाहेर सगळीकडे डीबगर असतात. एक-एक पायरी थांबवून बघता येतं."

"आंधळ्याला काठी देतात. तुला डोळे आहेत की."

आणि मग त्यांनी मला तो प्रोग्रॅम भोकांच्या पट्टीवाल्या लांब कागदावर छापायला लावला आणि उभं राहून मोठ्यानं वाचायला लावला. सगळ्या ऑफिससमोर. मी शाळेतल्या पोरीसारखी वाचत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "हं. आता काय वाचलीस?" तिथं चूक होती. मला ती सापडली याचा आनंद होण्याऐवजी तो कागद त्यांच्या डोक्यावर घालावासा वाटला.

दुसरा जाच रविवारचा. शनिवारी व्यवस्थित चालणारा प्रोग्रॅम सोमवारी सकाळी 'नीट नाही' म्हणायचा. आम्ही घाबरून शोधाशोध करायचो, एकमेकांवर संशय घ्यायचो. मग अकराच्या सुमाराला राव सार फिल्टर कॉफीचा डबरा-टंबलर, म्हणजे पितळी वाटी-पेला, हातात घेऊन यायचे आणि सहज सांगायचे, "तो शब्द आता नाही. काल जेवून बसलो होतो, चोखट वाटला नाही. काढून टाकलो."

"सार, तो शब्द आमच्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये आहे!"

"मग अस्क्यांतून काढा की."

भाषेतला शब्द काढणं म्हणजे त्यांना आमटीतला कढीपत्ता बाजूला करण्याइतकं सोपं वाटायचं. कंपायलरची मूळ फाईल फक्त त्यांच्या यंत्रावर. तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मालक त्यांचे जुने स्नेही, तेही बिचारे हात जोडून म्हणायचे, "राव, एक प्रत तरी मला दे." त्यावर राव सार, "तुला वाचता येईल का? नाही ना? मग कसाला?"

नोकरी सोडून जावं असं मला महिन्यातून एकदा तरी वाटायचं. पण जाणार कुठं? बाहेर जावा मागत होते, आणि माझ्याजवळ दाखवायला अनुभव होता तो नीटचा. त्या बंगल्याचा जिना उतरलं की ती भाषा कोणालाच माहीत नव्हती.

कोणालाच म्हटलं, पण एक जागा होती. गुम्मिडिपूंडीला आमचा सगळ्यात मोठा ग्राहक, व्हॉल्व्ह बनवणारा कारखाना. तिथल्या भांडारात सेल्वी नावाची बाई होती, माझ्याहून थोडी मोठी, ठसठशीत कुंकू, कमरेला किल्ल्या. इंग्रजी जेमतेम. तिला रोज नवेनवे अहवाल लागायचे आणि आम्ही ते करून द्यायला वेळ लावायचो, म्हणून वैतागून ती स्वतःच नीट शिकली होती. पहिल्यांदा आम्ही तिथं गेलो तेव्हा मला वाटलं, आता ही राव सारांच्या पायाच पडेल. तिनं त्यांना दारातच गाठलं.

"एन्ना सार इदु! काय हे! नुसतं नीट नाही, नीट नाही! माझी सासूसुद्धा काय चुकलं ते सांगते!"

आमच्या सगळ्यांच्या मनातलं ती एका दमात तमिळमधून बोलून गेली. राव सार हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "बघतो, बघतो," म्हणाले. परतीच्या गाडीत मी मनात देवाला हात जोडले.

पुढच्या सोमवारी खरंच कंपायलर बदलला होता. चूक झाली की आता म्हणायचा: NEET NAHI. PARAT VACH.

सेल्वीनं फोनवर त्याचा अर्थ मला विचारला. मी सांगितला. तिनं फोन आपटला.

काही वर्षांनी आमची कंपनी एका मोठ्या कंपनीनं घेतली. अड्यारचा बंगला सुटला आणि आम्ही पेरुंगुडीला काचेच्या इमारतीत गेलो. गळ्यात पट्टा, दाराला कार्ड, कँटीनमध्ये नूडल्स. आमच्यावर प्रसन्ना नावाचा मॅनेजर आला, तिशीतला, गोड बोलणारा, कामाला पक्का. त्यानं पहिल्या बैठकीत सांगून टाकलं की कारखान्याचं सगळं काम जावात पुन्हा लिहायचं. नीट बंद.

मला आनंद झाला हे कशाला लपवू? टेबलाखाली मी शेजारच्या कविताचा हात दाबला. सुटलो एकदाचे.

राव सार उभे राहिले. "ह्या भाषेत काय उणं आहे?"

"उणं काही नाही, सार," प्रसन्ना इंग्रजीत शांतपणे म्हणाला. "पण ती फक्त तुम्हाला येते. उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"मला काय होणार आहे?"

"सार, तुम्ही एकसष्ट वर्षांचे आहात."

ते बसले. नंतर लिफ्टशी मला म्हणाले, "एकसष्ट म्हंजे काय? कोबोल किती वर्षांचं आहे विचार त्याला. अजून बँका चालवतं." मी म्हटलं, "सार, कोबोल हजारो लोकांना येतं." ते लिफ्टमध्ये न शिरता जिन्यानं उतरून गेले.

आणि मग आमची फजिती सुरू झाली. आम्ही सहा जण हातानं जावा लिहायला बसलो. नीटमध्ये जे चार ओळींत होत होतं त्याला इकडं चार पानं लागायची. तेही चाललं असतं, पण उत्तरं जुळेनात. नीट आपलं-आपण बरंच काही करायची, कुठं उरलेला माल पुढं ओढायची, कुठं रिकामी नोंद सोडून द्यायची, आणि ते कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते राव सारांच्या डोक्यात होतं. विचारायला गेलं की ते म्हणायचे, "वाचलात का?" आम्ही म्हणायचो, "वाचलं." ते म्हणायचे, "परत वाचा."

कारखान्याचा धीर सुटला. त्यांनी कळवलं की वर्षअखेरपर्यंत झालं नाही तर दुसरीकडे जाऊ. प्रसन्नानं आम्हा जुन्या लोकांना खोलीत बोलावून दार लावलं. हे काम गेलं तर आमच्यासाठी त्याच्याकडं दुसरं काम नव्हतं. कविताच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले, कमावणारी ती एकटी. ती तिथंच रडायला लागली.

मी सरळ राव सारांकडं गेले. माझा आवाज चढला होता. "सार, तुमच्या हट्टापायी पोरींच्या नोकऱ्या जातील. तिकडं रडारड चाललीय. तुम्हाला काय, तुम्ही घरी बसाल!"

त्यांनी मान मागं टाकून चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. "कोण रडतं?"

"कविता."

"ऐयो." मग म्हणाले, "हातानं कसाला लिहितांत? मूर्खासारखं. नीट वाचून जावा लिहून देणारा प्रोग्रॅम करायचा. अस्कं एका दिवसात होईल."

"कोण करणार तो?"

"मीच की. दुसऱ्या कोणाला येणार आहे?" आणि मग तोंड कडू करून, "तेवढी ती जावा शिकव मला."

नवीन लग्न झालेल्या सुनेला स्वयंपाक शिकवणं सोपं असेल, पण राव सारांना जावा शिकवणं नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांना सगळ्यात छोटा प्रोग्रॅम दाखवला. पडद्यावर नमस्कार छापायचा. त्याआधी जावात पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड असे चार-पाच शब्द लिहावे लागतात.

"हे कोण?"

"सार, ते लिहावंच लागतं."

"काय अर्थ?"

"नंतर कळेल. आता नुसतं लिहा."

"नुसतं?" ते खुर्चीवरून उठले. "एक नमस्कार करायला एवढं? संध्येचा संकल्प ह्याहून लहान आहे!"

प्रत्येक अर्धविरामासाठी भांडण. प्रत्येक कंसासाठी भांडण. जावा यंत्रातली नको असलेली मेमरी स्वतःच मोकळी करते हे सांगितल्यावर म्हणाले, "म्हंजे उष्टी ताटं मोलकरीण उचलणार. सवय बिघडेल." चिडून मी दोनदा शिकवणं सोडलं. दोन्ही वेळा ते दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. माफी वगैरे नाही. नुसतं, "हं, पुढं?"

पण शिकले. काही आठवड्यांत माझ्याहून पुढं गेले आणि मलाच चुका दाखवायला लागले, ते वेगळंच छळणं. तो भाषांतर करणारा प्रोग्रॅम त्यांनी एकट्यानं लिहिला. मी तो पहिल्यांदा चालवला तेव्हा एका जागी अडकला, आणि पडद्यावर सविस्तर आलं: कुठली फाईल, कितवी ओळ, कुठला शब्द, काय अपेक्षित होतं, काय मिळालं, काय करून बघावं.

मी थक्क होऊन त्यांच्याकडं गेले. "सार, म्हणजे तुम्हाला हे येत होतं? इतकी वर्षं आम्ही..."

"ते शिकायसाठी होतं," ते म्हणाले. "हे पुरायसाठी आहे. मयताच्या कामात घोळ नको."

मी बाहेर जाऊन पाणी प्यायले.

गुम्मिडिपूंडीला शेवटचा बदल करायचा तो दिवस. जुनं आणि नवं काही दिवस शेजारी-शेजारी चालवून बघितलं होतं, सगळं जुळत होतं. त्या दिवशी सकाळी जुनं बंद करायचं, नव्यावर मालाचे ट्रक सोडायचे आणि घरी यायचं. प्रसन्नानं मला बजावलं होतं, "शुभांगी, त्यांना घेऊन जा, पण त्यांना काही करू देऊ नकोस."

आम्ही पोचलो तर सेल्वी दोन कागद घेऊन उभी. आदल्या दिवशी थोडा माल परत आला होता, वजनात अर्धा किलोचा भाग होता, आणि दोन्हीकडचं उत्तर वेगळं येत होतं.

"जावा चुकते आहे," राव सार न बघताच म्हणाले.

"बघा तरी, सार."

ते दोन्ही कागद घेऊन उभे राहिले. मोठ्यानं वाचायला लागले. सेल्वी, मी, भांडारचे अधिकारी, सगळे उभे. वाचता वाचता थांबले. परत मागं गेले. परत वाचलं. मग कागद खाली ठेवून, कोणाकडंही न बघता, तमिळमध्ये म्हणाले, "माझं चुकलंय."

परत आलेल्या मालाच्या वजनात अर्धा किलो असला की पूर्ण आकडा करताना नीट तो अर्धा चुकीच्या बाजूला ढकलायची. पहिल्या दिवसापासून. असा माल क्वचितच परत यायचा, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. जावा बरोबर होती.

अधिकाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "मग झालं, सार. नवं बरोबर आहे. जुनं बंद करा."

राव सार जुन्या यंत्रासमोर खुर्ची ओढून बसले आणि पिशवीतून कंपायलरच्या मूळ फाईलची सीडी काढली.

"सार, काय करताय?"

"दुरुस्त."

"अहो, पण हे बंदच करायचंय!"

"चूक असलेली कशी बंद करू?"

मी कपाळाला हात लावला. बाहेर फाटकाशी ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले. प्रसन्नाचा फोन आला. मी काय झालं ते सांगितलं. तो इतका गोड बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या तोंडून जे आलं ते इथं लिहिता येणार नाही. अधिकारी आत-बाहेर करत होते. मी राव सारांच्या मागं उभी राहून हळू आवाजात म्हणाले, "सार, आता हे कोण चालवणार आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

"मग काय? कोणी नाही चालवणार म्हणून चुकीचं ठेवू?"

सेल्वीनं मात्र कोणाला काही विचारलं नाही. ती बाहेर गेली आणि ट्रकवाल्यांशी असं काही कडाडून बोलली की हॉर्न बंद झाले. मग तिनं आपली खुर्ची आणून राव सारांच्या शेजारी ठेवली आणि बसून राहिली.

त्यांना जेवायची सुट्टी होईपर्यंत वेळ लागला. त्यांनी नवा कंपायलर बनवला, सगळे प्रोग्रॅम त्यातून पुन्हा काढले, आणि सेल्वीला म्हणाले, "चालव." तिनं चालवलं. दोन्ही कागद जुळले. ते त्यांनी हातात घेऊन पुन्हा एकदा वाचले, घडी न घालता टेबलावर ठेवले, आणि यंत्राचं बटण स्वतः दाबलं. आतला पंखा थांबायला थोडा वेळ लागतो. तो थांबेपर्यंत ते तिथंच बसून होते.

सेल्वीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "सार, जेवून जा."

"नको, ऊन आहे," ते म्हणाले. उन्हाचा आणि जेवणाचा काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही. आम्ही उपाशीच निघालो. मला चक्कर यायला लागली होती.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. राव सार दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात आलेच नाहीत. कंपनीनं त्यांच्या निरोपाचा छोटा समारंभ ठेवला, शाल आणली, त्यालाही ते आले नाहीत. कविताची नोकरी टिकली, माझीही. आम्हाला जावा येत होती आणि ती कामाला आली. राव सार बायकोला घेऊन तंजावरला भावाकडं राहायला गेले. मी पुण्याला आले. दोन-तीनदा फोन केला, प्रत्येक वेळी कशावरून तरी वाद झाला. ते गेल्याची बातमी मला सेल्वीनं कळवली. ती फोनवर बराच वेळ त्यांना नावं ठेवत होती आणि मी पलीकडून हो, हो म्हणत होते.

पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच दुपारी, गुम्मिडिपूंडीहून परतल्यावर. सेंट्रल स्टेशनला आम्ही उतरलो. मला बस धरायची होती आणि त्यांना रस्त्याखालच्या भुयारातून पलीकडच्या स्टेशनवर जायचं होतं. मी त्यांना सांगितलं, "सार, काहीतरी खाऊन जा." ते म्हणाले, "तू खा," आणि चालायला लागले. नेमकी तेव्हाच पलीकडं कुठली तरी गाडी आली असावी. भुयाराच्या पायऱ्यांवरून माणसांचा लोंढा वर येत होता, डोक्यावर बोचकी, हातात पिशव्या, पोरं. उतरायला शेजारी वेगळ्या पायऱ्या होत्या, कठड्याच्या पलीकडं, अगदी रिकाम्या. राव सार सरळ त्या लोंढ्यात शिरले.

मी ओरडले, "सार, तिकडून! तिकडून जा!"

त्यांनी मागं न बघता हात वर केला. ऐकलं म्हणून, की गप्प बस म्हणून, कोण जाणे. खालून येणाऱ्या एका जाड्या माणसाशी त्यांची हुज्जत सुरू झाली. त्याला ते बोटानं पायऱ्या दाखवून काहीतरी समजावत होते, जणू चुकीच्या बाजूनं तोच आला होता. मागचे लोक खोळंबले, कोणीतरी ओरडलं. शेवटी तो जाडा माणूसच वैतागून बाजूला झाला. मग त्याच्या मागचा झाला. ते एक-एक पायरी उतरत गेले, आधी पांढरा शर्ट दिसेनासा झाला, मग पिकलं डोकं, आणि तरी खालून त्यांचा आवाज ऐकू येत होता.

माझी बस तोवर सुटून गेली.